एक प्रवासी, दोन जहाजं आणि पंधरा वर्षांचं भगदाड

२००० साली अमेरिकेची जनगणना झाली, तेव्हा सुमारे ४४ लाख ७८ हजार लोकांनी आपलं मूळ नॉर्वेतलं असल्याचं नोंदवलं. त्या वर्षाच्या आरंभी खुद्द नॉर्वेची लोकसंख्या होती तीही सुमारे ४४ लाख ७८ हजार. आकडे इतके जुळावेत हा योगायोगच. पण समुद्रापलीकडे दुसरी नॉर्वे उभी राहिली, हा योगायोग नव्हे. १८२५ ते १९२५ या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक माणसं नॉर्वे सोडून अमेरिकेला गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज विचारतात, आमचा पणजोबा कुठल्या जहाजानं आला? कुठल्या गावाहून? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचं उत्तर मिळेल की नाही हे पणजोबांच्या नावापेक्षा त्यांच्या निघण्याच्या वर्षावर ठरतं. म्हणून आधी वर्षांचे आकडे पाहू.

१८०१ मध्ये नॉर्वेत ८ लाख ८३ हजार माणसं होती. १८६५ मध्ये १७ लाख. चौसष्ट वर्षांत जवळपास दुप्पट, तीही तोवर पाऊण लाखाहून अधिक लोक देश सोडून गेलेले असताना. देवीची लस १८१० मध्येच सक्तीची झाली होती, बटाटा शेतात रुजला होता, मोठी युद्धं थांबली होती. मुलं जगू लागली. जमीन मात्र होती तेवढीच. नॉर्वेच्या एकूण भूभागापैकी लागवडीखाली येणारी जमीन जेमतेम तीन टक्के, बाकी डोंगर, जंगल आणि खडक. शेतावर पहिला हक्क थोरल्याचा. धाकट्यांनी दुसऱ्याच्या शेताच्या कडेला झोपडं बांधून, मालकाकडे वेठीचे दिवस भरून जगायचं. अशा कुळांना तिकडे ‘हुसमान’ म्हणत. १८५५ च्या सुमारास त्यांची संख्या शिगेला पोहोचली होती, सुमारे ६५ हजार कुटुंबं. त्यानंतर सातच वर्षांनी, १८६२ मध्ये, अमेरिकेनं होमस्टेड कायदा केला. कसणाऱ्याला १६० एकर, जवळपास फुकट. ज्याच्याकडे एक गाय आणि चार मेंढ्या होत्या, त्याच्या कानावर हा आकडा पडल्यावर पुढे काय झालं हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

लाटा तीन आल्या. १८६६ ते १८७३ या आठ वर्षांत सुमारे १ लाख १० हजार. १८७९ ते १८९३ या काळात अडीच लाखांच्या वर. आणि १९०० नंतर पहिल्या महायुद्धापर्यंत आणखी दोन लाखांहून जास्त. सर्वांत मोठं वर्ष १८८२. त्या एका वर्षी २८,८०४ लोक गेले, म्हणजे दर हजारी पंधरा. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर एकोणिसाव्या शतकात युरोपात नॉर्वेच्या पुढे फक्त आयर्लंड होतं.

आता शोधाकडे वळू. सुरुवात १८२५ पासून, कारण त्या वर्षीचा कागद आश्चर्य वाटावं इतका चांगला आहे. ‘रेस्टॉरेशन’ नावाची एक छोटी गलबतवजा नौका जुलैच्या आरंभी स्टाव्हांगर बंदरातून निघाली. लांबी ५४ फूट. आत ५२ माणसं, बहुतेक क्वेकर या ख्रिस्ती पंथाची किंवा त्यांच्या विचारांच्या जवळची. त्यांच्या वतीनं अमेरिकेत आधी जाऊन जमीन पाहून आलेला माणूस म्हणजे क्लेंग पीअर्सन. मदेरा बेटाला वळसा घालून, तब्बल चौदा आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला नौका न्यूयॉर्कला लागली तेव्हा आत ५३ जण होते. वाटेत लार्स लार्सन या प्रवाशाला मुलगी झाली होती.

या प्रवासाचा सरकारी कागद आज आपल्या हाती आहे, त्याचं श्रेय बऱ्याच अंशी एका दंडाला जातं. अमेरिकेच्या १८१९ च्या कायद्यानुसार जहाजाच्या दर पाच टनांमागे दोनच प्रवासी आणता येत. ‘रेस्टॉरेशन’ सुमारे ३९ टनांची, म्हणजे परवानगी पंधरा-सोळा जणांची. प्रत्येक जादा प्रवाशामागे १५० डॉलर दंड. प्रत्यक्षात ठोठावलेला दंड होता ३,१५० डॉलर. भागून पाहा, एकवीस येतात. आणि कायद्यात पुढे असंही होतं की जादा प्रवासी वीस भरले तर जहाजच जप्त. नौका अडकवून ठेवली, कप्तानाला अटक झाली. अर्ज-विनंत्या झाल्या आणि १५ नोव्हेंबर १८२५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी दंड व जप्ती दोन्ही माफ केली. या साऱ्या प्रकरणाचा कागद झाला, तो कागद राहिला. २०२५ मध्ये या घटनेला दोनशे वर्षं झाली. तेव्हा त्याच नावाची, तशाच बांधणीची नौका ४ जुलैला स्टाव्हांगरहून निघून ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोहोचली.

१८५० पर्यंत एकंदर सुमारे अठरा हजार नॉर्वेजियन अमेरिकेत गेले. आकडा लहान, म्हणून हाताळता येण्याजोगा. गेरहार्ड नेसेथ या ग्रंथपालानं आयुष्यातला मोठा काळ खर्चून या काळातल्या माणसांची चरित्रसूची उभी केली. तिचे पाच खंड आहेत. नाव, जन्माचं शेत, जहाज, अमेरिकेतलं वस्तीचं ठिकाण अशी माहिती त्यांत एकत्र सापडते. तुमचा माणूस १८५० च्या आधीचा असेल तर निम्मं काम दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेलं आहे.

खरी पंचाईत १८५० नंतर सुरू होते.

१८४९ मध्ये ब्रिटननं आपले जुने नौकानयन कायदे रद्द केले. तोवर ब्रिटिश वसाहतींचा माल ब्रिटनला न्यायचा तर ब्रिटिश जहाजानंच. आता नॉर्वेच्या जहाजांना कॅनडाचं लाकूड भरून ब्रिटनला नेता येऊ लागलं. पण जाताना काय भरायचं? रिकामं जहाज अटलांटिकवर डोलतं, त्याला तळाशी वजन लागतं, आणि दगड-वाळू भाडं देत नाहीत. माणसं देतात. जहाजमालकांनी मधल्या मजल्यावर फळ्यांचे तात्पुरते बाक ठोकले आणि क्वेबेकला जाणाऱ्या प्रवाशांचा धंदा सुरू झाला. क्वेबेकला माणसं उतरवायची, बाक उखडायचे, लाकूड भरायचं, निघायचं. प्रवास शिडाचा, सात-आठ आठवड्यांचा. शिधा प्रत्येकानं स्वतःचा आणायचा: फ्लाटब्रेड नावाची महिनोन्‌महिने टिकणारी पातळ भाकरी, खारवलेले हेरिंग मासे, वाळवलेलं मांस, बटाटे, जवाचा भरडा. सगळं रंगवलेल्या लाकडी पेटाऱ्यात, ज्याच्या पुढच्या फळीवर मालकाचं नाव आणि वर्ष. असे पेटारे अमेरिकेतल्या घरांत अजून आहेत. कधी कधी सगळ्या शोधातला पहिला विश्वासार्ह कागद हाच असतो, लाकडाचा असला तरी.

१८५४ ते १८६५ या बारा वर्षांत नॉर्वेहून निघालेल्यांपैकी दहांतले नऊहून अधिक जण क्वेबेकलाच उतरले. आणि क्वेबेक बंदराच्या सरकारी प्रवासी याद्या जपल्या गेल्या आहेत त्या १८६५ पासून. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अडचण स्पष्ट दिसते. ज्या बंदरातून सगळे गेले, त्याच बंदराची त्याच वर्षांची नावं नाहीत. न्यूयॉर्कच्या याद्या १८२० पासून आहेत, पण आपला माणूस तिथे उतरलाच नाही. तो क्वेबेकहून बोटीनं आणि रेल्वेनं सरोवरांच्या वाटेनं मिलवॉकी किंवा शिकागोला गेला. अमेरिकेच्या हद्दीत शिरताना त्याची कुणी नोंद केली नाही, कारण कॅनडाच्या सीमेवर तेव्हा तशी पद्धतच नव्हती. कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या न्यूयॉर्कच्या याद्या चाळत बसतात ती याच वर्षांसाठी. तिथे नाव नाही म्हणजे पणजोबा लपून आले, खोट्या नावानं आले, असली कहाणीही घरात तयार होते. कहाणी रंगतदार असते. खरं कारण लाकडाचा व्यापार.

या भगदाडात उतरायला दुसऱ्या शिड्या आहेत. क्वेबेकच्या वर्तमानपत्रांत रोज आलेल्या जहाजांची नोंद छापून येई: जहाज, कप्तान, निघण्याचं बंदर, किती दिवस लागले, किती प्रवासी. नावं नाहीत, पण तारखा आहेत. अमेरिकेतल्या नागरिकत्वाच्या अर्जात माणूस स्वतः सांगतो की मी अमुक साली अमुक बंदरी आलो. होमस्टेडची जमीन घेतली असेल तर त्या फायलीत त्या अर्जाची प्रत असते, कारण जमीन मिळण्यासाठी नागरिकत्वाचा अर्ज करणं भाग होतं. आणि १९०० च्या अमेरिकन जनगणनेत ‘कोणत्या वर्षी आलात’ असा थेट प्रश्नच होता. उत्तर एखाद-दोन वर्षांनी चुकलेलं असतं, पण शोधाचा पल्ला वीस वर्षांवरून तीनवर येतो. १८९० ची जनगणना शोधू नका. तिचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनं गेले.

पण माझं मत विचाराल तर सगळ्यात भक्कम पुरावा अमेरिकेत नाहीच. तो आहे नॉर्वेतल्या गावच्या चर्चच्या वहीत. तिथे बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), लग्न आणि मृत्यू यांच्याबरोबर गाव सोडून गेलेल्यांचंही पान असे. नाव, वय, शेत, कुठे चालला, पाद्रीबुवांनी दाखला कोणत्या तारखेला दिला. समोर फक्त ‘अमेरिका’. सगळेच जण दाखला घ्यायला गेले असं नाही, पण ज्या वर्षांत बंदरं मुकी आहेत त्या वर्षांत ही वही बोलते. दृढीकरणाच्या नोंदीत देवीची लस कधी टोचली हेसुद्धा लिहिलेलं असतं. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं या वह्यांची पानं आणि १८०१, १८६५, १८७५, १८९१, १९००, १९१० व १९२० च्या नावनिहाय जनगणना ‘डिगितालआर्किवे’वर मोफत ठेवल्या आहेत. १८६५ ची जनगणना तर जरूर पाहावी. त्यात घरातल्या माणसांसोबत गाई, मेंढ्या, डुकरं आणि पेरलेलं बियाणं यांचाही हिशेब आहे. एका ओळीत एका कुटुंबाची सगळी मालमत्ता दिसते, आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांतली कोणती मुलं गाव सोडतील याचा अंदाज बऱ्याचदा तिथेच बांधता येतो.

वही उघडायची तर शेताचं नाव हवं. इथे मराठी वाचकाला इतरांपेक्षा सोपं जावं. नॉर्वेच्या खेड्यातल्या माणसाचं पूर्ण नाव आपल्यासारखंच तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं आणि ठिकाणाचं, आपल्या ‘-कर’सारखं. समजा, ओले हान्सन हौगेन. म्हणजे हान्सचा मुलगा ओले, राहणार हौगेन. फरक एवढाच की ओले हौगेन सोडून बाक्के नावाच्या शेतावर कामाला गेला की तो ओले हान्सन बाक्के होतो. आडनाव माणसाचं नव्हतं, पत्त्याचं होतं. त्याची बहीण हान्सन नाही, हान्सदातर, हान्सची मुलगी. पिढीजात आडनाव कायद्यानं बंधनकारक झालं ते १९२३ मध्ये, लाटा ओसरल्यावर. अमेरिकेत गेल्यावर ओले ‘हॅन्सन’ लावेल, ‘हौगेन’ लावेल किंवा दोन्ही सोडून भलतंच काही लावेल, आणि सख्ख्या भावांनी वेगवेगळी आडनावं लावल्याची उदाहरणंही भरपूर. हौगेन नावाची शेतं नॉर्वेत शेकड्यांनी आहेत, त्यामुळे नुसतं शेताचं नावही पुरत नाही, परगणा हवा. तो बहुधा अमेरिकेतल्या लुथरन चर्चच्या दफ्तरात जन्मगावाच्या रकान्यात सापडतो. ओलुफ रिग या विद्वानानं शेतांच्या नावांचा जो कोश सुरू केला, त्याचे खंड १८९७ पासून निघत गेले. कोणत्या परगण्यात कोणतं शेत, हे पाहायला आजही तोच हाताशी घेतात.

१८६९ च्या कायद्यानंतर चित्र पालटलं. परदेशी प्रवासाची तिकिटं विकणारे दलाल गावोगाव फिरत होते आणि फसवणूकही तेवढीच. म्हणून सरकारनं ठरवलं की दलाल आणि प्रवासी यांच्यातला करार बंदरातल्या पोलिसांनी तपासायचा आणि नोंदवायचा. गणती करण्यासाठी नव्हे, गरिबांचं नुकसान टळावं म्हणून सुरू झालेली ही पोलिसांची नोंदवही आज वंशावळ शोधणाऱ्यांच्या कामी येते. बर्गनची १८७४ पासून उपलब्ध आहे. क्रिस्टियानिया (आजचं ओस्लो) आणि ट्रॉन्डहाइमच्या वह्या त्याहून जुन्या, १८६० च्या दशकाच्या शेवटी सुरू होणाऱ्या. स्टाव्हांगरच्या मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच्याच हाती आहेत. ज्या बंदरातून पहिलं जहाज निघालं, त्याच बंदराच्या एकोणिसाव्या शतकातल्या वह्या नसाव्यात, हे दुर्दैवच.

आपला काल्पनिक ओले १८८२ च्या वसंतात क्रिस्टियानियाहून निघाला असं धरू. पोलिसांच्या वहीत त्याची एक ओळ आहे: नाव, वय एकवीस, कुठला, काय काम करतो, कुठे जाणार, तिकिटाचे किती पैसे भरले, निघण्याची तारीख, जहाज ‘अँजेलो’. पतवंड खूश होतं आणि न्यूयॉर्कच्या याद्यांमध्ये ‘अँजेलो’ शोधू लागतं. सापडणार नाही. ‘अँजेलो’ हे विल्सन कंपनीचं जहाज नॉर्वे आणि इंग्लंडमधल्या हल बंदरादरम्यान ये-जा करायचं; न्यूयॉर्कशी त्याचा संबंध नव्हता. तोवर शिडाची जहाजं या धंद्यातून जवळपास बाद झाली होती आणि वाट बदलली होती. क्रिस्टियानियाहून हलला दोन-तीन दिवस. हलच्या स्थानकात परदेशी प्रवाशांसाठी १८७१ मध्ये वेगळी इमारत बांधली होती. तिथून रेल्वेनं लीड्स, मँचेस्टरमार्गे काही तासांत लिव्हरपूल. मग लिव्हरपूलहून अ‍ॅलन, क्युनार्ड, व्हाइट स्टार, गुइऑन किंवा अशाच एखाद्या कंपनीच्या मोठ्या आगबोटीनं न्यूयॉर्क, बोस्टन किंवा क्वेबेक, दहा-बारा दिवसांत.

तेव्हा हिशेब असा करायचा. पोलिसांच्या वहीतली तारीख घ्या, दोन ते तीन आठवडे पुढे मोजा, आणि वहीत जी अटलांटिक कंपनी लिहिली असेल तिच्या त्या आठवड्यात पोहोचलेल्या बोटींचीच यादी पाहा. अशा बोटी दोन-तीनच निघतात. त्यांत एकवीस वर्षांचा नॉर्वेजियन ओले हॅन्सन शोधा. यादी कंपनीच्या इंग्रज कारकुनानं लिहिलेली असते, तेव्हा तो ‘ओली’, ‘ओला’ किंवा ‘ऊले’ही असेल. नावापेक्षा वय आणि सोबतची माणसं धरून चाला; एकाच गावातले लोक यादीत बहुधा एकापाठोपाठ असतात. चौदा आठवड्यांचा प्रवास तीन आठवड्यांवर आला, पण शोधणाऱ्याचं काम एका जहाजावरून दोन जहाजं आणि एका रेल्वेवर गेलं.

इथे एलिस आयलंडबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण जवळपास प्रत्येक घरात ‘पणजोबांचं आडनाव एलिस आयलंडच्या अधिकाऱ्यानं बदललं’ ही गोष्ट सांगितली जाते. एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झालं. तोवर नॉर्वेहून एकूण जाणाऱ्यांपैकी ढोबळमानानं निम्मे लोक जाऊन पोहोचलेही होते. १८८२ चे २८,८०४ तर दहा वर्षं आधीचे. त्यांच्यातले जे न्यूयॉर्कला उतरले ते कॅसल गार्डनमधून गेले, जे १८५५ ते १८९० या काळात चालू होतं. आणि १८९२ नंतर आलेल्यांचीही नावं बेटावर लिहिली जात नव्हती. यादी निघण्याच्या बंदरातच भरून यायची, अधिकारी फक्त ती पडताळायचा. आडनावं बदलली ती बहुतेकांनी स्वतःच, शेजाऱ्यांच्या आणि शाळामास्तरांच्या सोयीनं. ती गोष्ट आता सोडून द्यावी.

उशिरा गेलेल्यांचं नशीब चांगलं. १८२० च्या यादीत नाव, वय, धंदा आणि देश, एवढ्यावर भागत असे. पुढे प्रश्न वाढत गेले: शेवटचा मुक्काम कुठे, तिकिटाचे पैसे कुणी दिले, कोणाकडे जाणार आणि त्याचा पत्ता. १९०७ पर्यंत रकाने २९ झाले. त्यांत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ताही आला. १९१० मध्ये नॉर्वेजियन अमेरिका लाइन स्थापन झाली आणि १९१३ मध्ये तिची ‘क्रिस्टियानियाफ्योर्ड’ ही बोट सुटली, तेव्हापासून नॉर्वेचं जहाज, नॉर्वेचं बंदर, थेट न्यूयॉर्क. त्या वर्षांचा शोध एका दुपारचं काम असू शकतो.

शेवटी एक आकडा, जो शोधणारे सहसा विसरतात. १८८० नंतर गेलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक परत आले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १९१० च्या नॉर्वेच्या जनगणनेत अमेरिकेहून परतलेल्यांना वेगळे प्रश्न विचारले होते: कधी गेलात, कधी आलात, तिकडे शेवटी कुठे होता, काय काम केलंत. अशी १९ हजारांवर माणसं त्यात सापडली. काहीजण पुन्हा गेले, काही दोनदा-तीनदा. म्हणून अमेरिकेतल्या यादीत तुमचा माणूस दोन वेगळ्या वर्षी दिसला तर ती चूक समजू नका, आणि तिथे त्याची कबर सापडली नाही तर नॉर्वेची १९१० ची जनगणना उघडा. तीही मोफत आहे. १९२० ची शंभर वर्षं पूर्ण झाल्यावर, डिसेंबर २०२० मध्ये, खुली झाली.